वन बीएचकेत राहून झोपेचा कोर्स: सीबीटी-आयचा रिव्ह्यू

आधी मार्क सांगून टाकते म्हणजे घाईत असलेले सुटतील. थेरपिस्ट मॅडमना पाचपैकी पाच, कोर्सला साडेतीन, आणि रिसेप्शनला एक, तोही तिथल्या गार पाण्याच्या कूलरसाठी. क्लिनिकचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाहीये. तसंही हा कोर्स आता मुंबई-ठाणे-पुण्यात बऱ्याच ठिकाणी मिळतो, त्यामुळे माझं क्लिनिक कुठलं यापेक्षा कोर्समध्ये नक्की काय करायला लावतात आणि आपल्यासारख्या घरात ते जमतं का, हे जास्त कामाचं.

तर सीबीटी-आय म्हणजे निद्रानाशासाठीची थेरपी, बोलायची आणि मुख्य म्हणजे सवयी बदलायची. सहा भेटी, आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने, प्रत्येक भेट पाऊण तासाची. यात गोळी नाही, तेल नाही, डोळे मिटून समुद्राचा आवाज ऐका वगैरे तर नाहीच, उलट सुरुवातीचे आठवडे तुम्हाला मुद्दाम कमी झोपवतात. हो, कमी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ सालीच सांगून ठेवलंय की मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार हाच द्या, गोळीचा विचार नंतर. आपल्याकडे बरोबर उलटं, आधी गोळी, मग जास्त पॉवरची गोळी, मग कुणीतरी ओळखीचं म्हणतं अगं असं असं पण असतं, करून बघ.

आमची परिस्थिती सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डोंबिवलीत वन बीएचके, माणसं चार. सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हापासून त्या अंथरुणावर, उजवी बाजू गेलेली, बोलणं निम्मं कळतं निम्मं नाही. दिवसा मावशी येतात, मी घरी पोचले की त्या निघतात, रात्र आमची. रात्री दर दोनेक तासांनी आईंची कड बदलायची, डायपर बघायचा, नाहीतर पाठीला बेडसोअर व्हायला वेळ लागत नाही. हे चालू असतानाच नवऱ्याची कंपनी बंद पडली, आता तो कॉन्ट्रॅक्टवर आहे, पगार बराच खाली आणि घराचा हप्ता होता तेवढाच. मुलगा दहावीला. मी मरोळला बॅक ऑफिसला, म्हणजे घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो आणि संध्याकाळी तेच उलट. यात नवल काही नाही, आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यागणिक असं एखादं घर निघेल.

पण झालं काय, की ज्या रात्री नवरा म्हणायचा आज मी बघतो आईकडे तू झोप, त्या रात्रीसुद्धा मी टक्क जागी. एअर बेडच्या पंपाची घरघर ऐकत पडायचं, मोबाईलवर वेळ बघायची, अडीच, आता लागली तर तीन तास मिळतील, परत बघायचं, सव्वातीन. आणि दिवसा अंगात जीव नाही, ऑफिसात एक्सेलच्या त्याच ओळीवरून परत परत जायचं, कुणी साधं 'झालं का?' विचारलं तरी खेकसायचं. एकदा मुलाच्या हातून कंपासपेटी फरशीवर पडली, सगळं सामान घरंगळत कपाटाखाली गेलं आणि मी ओट्याशी उभी राहून जी रडायला लागले ते थांबेचना. त्याने बिचाऱ्याने कर्कटक शोधायचं सोडून आधी गॅस बंद केला.

घरगुती उपाय सगळे झाले होते. दुधात जायफळ उगाळून, तळपायाला काशाच्या वाटीने तूप, इन्स्टावरच्या जाहिरातीतल्या मेलाटोनिन गमीज (चव चांगली होती, मुलाने खाल्ल्या नाहीत हे नशीब). दिराने वाढदिवसाला दिलेलं स्मार्टवॉच, त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

गोळीचं मात्र नीट लिहायला हवं. फॅमिली डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी अल्प्राझोलम दिली होती. लागायची झोप, खोटं कशाला बोलू. पण ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये येते, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि केमिस्टने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवायची असा नियम आहे, आणि प्रत्यक्षात लोकलच्या डब्यात नाहीतर ऑफिसच्या वॉशरूममध्ये कुणाच्या तरी पर्समधून अर्धी पट्टी निघतेच, 'घे गं अर्धी, काही होत नाही'. होतं. सवय लागते आणि एकदम बंद केली तर आधीपेक्षा वाईट जागरण, वर छातीत धडधड. मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं काय काय घेता, आणि 'बंद करा' असं स्वतः सांगितलं नाही, त्या सायकॉलॉजिस्ट आहेत, औषध त्यांच्या हातात नाही. तिथल्याच सायकिऍट्रिस्ट डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी हळूहळू डोस उतरवला. क्लिनिक निवडताना ही गोष्ट बघाच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का विचारा, नंबर मागा, लाजू नका, हल्ली 'स्लीप कोच' असे बोर्ड बरेच दिसायला लागलेत.

पहिली भेट जवळजवळ सगळी प्रश्नोत्तरांची. घोरता का, झोपेत श्वास अडकतो असं कुणी सांगितलंय का, रात्री पाय वळवळतात का, थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह शेवटचं कधी तपासलं. मग एक प्रश्न आला की कधी असं झालंय का, चार-पाच दिवस झोप अगदी कमी आणि तरी अंगात भलता उत्साह, बोलणं थांबेना, पैसे सुटतील तसे खर्च? मी म्हटलं मॅडम, पैसे असायला तर हवेत. त्या हसल्या पण प्रश्न सोडला नाही, कारण बायपोलरचा त्रास असेल तर झोप मुद्दाम कमी करणं धोक्याचं असतं, मॅनिया उसळू शकतो. फिट येत असतील किंवा झोपेत श्वास अडकायचा त्रास असेल तरी आधी त्याचं बघतात. हे न विचारता कुणी थेट 'रात्री बाराच्या आधी झोपायचं नाही' असं टाइमटेबल हातात देत असेल तर पैसे परत मागा.

मग फॉर्म. एक झोपेचा, सात प्रश्न, २८ पैकी मार्क, पंधराच्या पुढे गेलात की त्रास चांगलाच आहे, मी पुढे होते. दुसरा पीएचक्यू-नाईन, हा डिप्रेशनसाठी सगळीकडे वापरतात, नऊ प्रश्न आणि २७ पैकी मार्क. त्यातला तिसरा प्रश्न झोपेचाच आहे, झोप लागत नाही किंवा मोडते किंवा खूपच जास्त झोपता. चौथा थकव्याचा. सातवा लक्ष लागत नाही याचा. मी म्हटलं, हे सगळं तर नुसत्या जागरणानेच होतंय की, मग मला डिप्रेशन आहे असं निघालं तर ते खरं कसं धरायचं? आणि झोप नाही म्हणून डोकं असं झालंय की डोकं असं झालंय म्हणून झोप नाही?

मॅडम म्हणाल्या दोन्ही, आणि कोण पहिलं ते शोधत बसायची गरज नाही, जे टोक हाताला येतंय ते आधी धरू. पूर्वी म्हणे निद्रानाश हे बहुतेक वेळा कशाचं तरी लक्षण धरायचे, मूळ आजार बरा करा, झोप आपोआप येईल. २०१३ साली मानसिक आजारांचं जे अमेरिकन मॅन्युअल आहे, डीएसएम-फाइव्ह, त्यात हे काढून टाकलं. आता आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिने असं चाललं, तर बाजूला डिप्रेशन असो की टेन्शन, झोपेचा उपचार स्वतंत्र करायचा. मी घरी येऊन वाचलं तर त्याचं कारणही सापडलं. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये मोठा प्रयोग झाला, २६ विद्यापीठांतली पावणेचार हजार मुलं, निम्म्यांना ऑनलाइन सीबीटी-आय दिलं, निम्म्यांना नेहमीसारखंच ठेवलं. ज्यांना दिलं त्यांची झोप तर सुधारलीच, पण लोक आपल्या वाईटावर आहेत असे संशय, नसलेले भास, उदासपणा, हेही कमी झालं. म्हणजे फक्त झोपेला हात लावला आणि बाकीचं पण हललं. आणि २००७ चा एक छोटा अभ्यास आहे, पस्तीस तास जागं ठेवलेल्या माणसांना वाईट चित्रं दाखवली तर मेंदूतला ॲमिग्डाला नावाचा भीती-रागाचा भाग नेहमीसारखी झोप झालेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त उसळला आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याची जोडणी सैल पडली. कंपासपेटीचं रडणं मला तिथे छापलेलं दिसलं.

दुसऱ्या भेटीत एक तीन रकान्यांचा तक्ता भरून घेतला. हा आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात मांडलेला, जगभर वापरतात. पहिल्या रकान्यात तुमच्यात मुळात काय आहे (माझी आई पण खुट्ट झालं की जागी होणारी), दुसऱ्यात त्रास सुरू कशाने झाला (झटका, नोकरी), तिसऱ्यात तो आता टिकून कशामुळे आहे. तिसरा रकाना बघता बघता भरला. दमलो म्हणून नऊलाच आडवं होणं, रविवारी दुपारी झोपून भरपाई करणं, घड्याळ बघणं, अंथरुणात पडून हिशोब करणं. सगळा कोर्स या तिसऱ्या रकान्यावर चालतो. परिस्थितीने आजार सुरू होतो पण टिकवतात आपल्या सवयी, असं त्यांचं म्हणणं. इथे मला थोडा राग आला होता, कारण आमच्या घरात तो दुसरा रकाना संपलेला कुठेय, तो रोज रात्री दर दोन तासांनी चालू आहे. तसं बोलले पण मी. मॅडमनी दुसऱ्या रकान्याभोवती पेन्सिलने चौकोन काढला आणि म्हणाल्या याला पाचव्या भेटीत हात लावू, तेव्हा घरचे पण पाहिजेत.

मग झोपेची डायरी. कधी आडवे झालात, अंदाजे कधी लागली, किती वेळा मोडली, कधी उठलात. घड्याळ बघून नाही, सकाळी आठवून अंदाजाने लिहायचं. छापील फॉर्ममध्ये माझी अडचण लगेच दिसली, आईंसाठी उठणं आणि उगाच जाग येणं यात फरकच नव्हता. मॅडमनी पेनने एक जादा रकाना पाडला, 'कामासाठी उठले'. त्या एका रकान्याने जे दाखवलं ते मला वर्षभर दिसलं नव्हतं. कड बदलायला, डायपर बघायला लागणारा वेळ दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर परत गादीवर येऊन मी जागी पडत होते तो वेळ कधी तास, कधी दीड तास. आईंच्या आजारपणाने माझी रात्र खाल्ली असं मी सगळ्यांना सांगत होते, पण रात्रीचा मोठा तुकडा त्या पंधरा मिनिटांच्या नंतरचा होता.

गणित सोपंय. अंथरुणात साडेसात तास आणि त्यातली झोप पाच तास, म्हणजे ६७ टक्के. ८५ च्या वर पाहिजे. म्हणून अंथरुणातला वेळच कापायचा, झोप पाच-साडेपाच तास येते ना, मग तेवढाच वेळ आडवं व्हायचं, त्याखाली मात्र नेत नाहीत. मला बारा ते साडेपाच दिले. टक्के वर गेले की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवून मिळतात. सुरुवातीला हाल होतात, मी खरंच सांगते, साडेदहा ते बारा डोळे उघडे ठेवणं ही शिक्षा आहे, मी मुलाची भूगोलाची वही पहिल्या पानापासून वाचली. पण मग बाराला गादीवर डोकं टेकलं की संपलं.

यात ट्रेन आडवी आली. संध्याकाळी घाटकोपरला चढून उभं राहायचं, ठाण्याला सीट मिळाली तर मिळाली, आणि मिळाली की मान खाली ती डोंबिवलीला शेजारणीने हलवेपर्यंत. वीस-बावीस मिनिटं. मी हे डायरीत लिहिलंच नव्हतं, ती काय झोप आहे का. मॅडमनी स्वतः विचारलं, 'ट्रेनमध्ये बसायला मिळतं का?' हा प्रश्न फक्त इथल्याच माणसाला सुचू शकतो. संध्याकाळी वडापाव खाल्ला की रात्रीची भूक मरते, तसं ते आहे. दिवसभर मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने झोपेचा दाब तयार होतो, संध्याकाळी सातची डुलकी तो दाबच उतरवून टाकते. चहा-कॉफीतलं कॅफिन याच ॲडिनोसिनची जागा अडवतं आणि अंगातून निम्मं जायलाच पाचेक तास घेतं, म्हणून ऑफिसच्या मशीनची साडेपाचची कॉफी पण बंद. ठाणे ते डोंबिवली मला जागं ठेवायची ड्यूटी डब्यातल्या ग्रुपने घेतली, मटार सोलायला द्यायच्या. एकीचे मटार सोलून झाले की दुसरीची भाजी.

आता मुख्य तक्रार. कोर्सचा दुसरा मोठा नियम असा की अंथरूण फक्त झोपण्यासाठी, आणि पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, तिथे मंद उजेडात काहीतरी निवांत करायचं, पेंग आली की परत यायचं. हा नियम रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ पासूनचा, आणि काम करतो यात वाद नाही. पण मला दिलेल्या झेरॉक्सवर छापलेलं होतं, दुसऱ्या खोलीत आरामखुर्ची, दिवा आणि पुस्तक आधीच तयार ठेवा. कुठली दुसरी खोली? बेडरूममध्ये आईंचा बेड आणि खाली आमची गादी, हॉलमधल्या दिवाणावर मुलगा, आणि बाल्कनी कधीच खिडकीच्या आत गेली. उरतं स्वयंपाकघर. ज्याने हा कागद लिहिला त्याने चार माणसं दोन खोल्यांत झोपलेली पाहिली नसावीत.

इथे कोर्स आणि थेरपिस्ट यांतला फरक कळतो. मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या घराचा नकाशा काढा. काढला. म्हणाल्या गादी दिवसभर घातलेली असते का? असायची, कारण येता-जाता पाठ टेकायला बरी. तर तेच बंद करा, गादी गुंडाळून कपाटावर, बाराला घालायची, साडेपाचला गुंडाळायची. अमेरिकेतल्या माणसाला पलंग गुंडाळून ठेवता येत नाही, आपल्याला येतो, बघा. आणि जाग राहिली तर स्वयंपाकघरात प्लास्टिकचं स्टूल, छोटा दिवा, मोबाईल नाही, हातात लसूण. लसूण सोलायचा. इतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही, आणि सकाळचं काम पण होतं. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे एवढा लसूण सोलून झाला की शेजारी वाटला.

घड्याळाची गोष्ट. स्मार्टवॉच रोज सकाळी झोपेचे मार्क द्यायचं, आणि ४८ आले की दिवस तिथेच बसायचा. ही मनगटी घड्याळं हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात, गाढ झोप किती हे नक्की सांगायला डोक्याला वायरी लावून रात्रभर तपासणीच लागते. मार्कांच्या मागे लागून झोप आणखी बिघडते त्याला संशोधकांनी २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया असं नावसुद्धा देऊन ठेवलंय. मॅडमनी ते माझ्या हातातून काढून नवऱ्याच्या हातात घातलं, नुसतं व्हायब्रेट होणारा गजर म्हणून, म्हणजे रात्री आईंची कड बदलायला त्याला जाग येईल आणि बाकी कुणाला येणार नाही. दिराच्या भेटीचं सार्थक झालं.

चौथ्या भेटीत काळजीची वही. वेळ ठरवायची, संध्याकाळीच, झोपायच्या बऱ्याच आधी, मी कुकर लावला की बसते ते शिट्ट्या होईपर्यंत. डावीकडे काळजी, उजवीकडे पुढची एक पायरी, जमेल अशी. 'हप्ता' असं लिहिलं तर चालत नाही, 'शनिवारी बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता किती कमी होतो ते विचारणे' असं लिहायचं. काहींच्या समोर उजवीकडे काहीच येत नाही. 'आई अशाच किती वर्षं' यापुढे मी काय लिहिणार. तिथे रेघ मारायची, उद्या याच वेळी परत बघू. मला हे पोरकट वाटलं होतं आणि अजूनही अर्धं वाटतं, पण रात्री दोनला तोच विषय डोक्यात आला की 'वहीत आहे' एवढं म्हणता येतं, तेवढा उपयोग आहे.

पाचवी भेट. याच्यासाठी पूर्ण पैसे वसूल. नवरा समोर, नणंदबाई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर. मॅडमनी कुणाला दोष दिला नाही, माझी डायरी टेबलावर ठेवली आणि 'कामासाठी उठले' हा रकाना मोठ्याने वाचला, सोमवार, मंगळवार, बुधवार, असं. नवरा म्हणाला मी म्हणतो ना मी बघतो, हीच उठून येते, हिचा माझ्यावर विश्वास नाही. नणंदबाई म्हणाल्या, 'वहिनी, मी दर महिन्याला पैसे पाठवतेच ना.' मॅडम म्हणाल्या, 'हो ताई, आणि त्याच पैशातून आठवड्यातल्या दोन रात्री मावशी ठेवता येतील का, तेवढंच आज ठरवू.' ठरलं. बाकीच्या रात्री बाराची आणि साडेपाचची पाळी माझी, मधल्या नवऱ्याच्या. एअर बेड आहे तर रात्री दोन पाळ्यांमधलं अंतर किती ठेवलं तर चालेल हे आईंच्या डॉक्टरांना विचारून घ्या, असंही कागदावर लिहिलं. तो कागद फ्रिजवर आहे.

आणि एक, नवऱ्याला विचारून लिहितेय. त्याला पण तो नऊ प्रश्नांचा फॉर्म दिला होता, सहज म्हणून. त्याचे मार्क माझ्यापेक्षा जास्त आले. हा माणूस सुट्टीच्या दिवशी दहा-दहा तास झोपायचा आणि मी मनातल्या मनात जळायचे की याला बरी झोप लागते. तिसऱ्या प्रश्नात 'खूपच जास्त झोपता' पण लिहिलेलं असतं, ते मी स्वतःचा फॉर्म भरताना वाचून पुढे गेले होते. नोकरी गेल्यापासून तो तसा झोपत होता. त्याला क्लिनिकमध्ये परत यायचं नव्हतं, खर्च नको म्हणाला, मग त्याने १४४१६ ला फोन केला. हे टेली-मानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली, चोवीस तास, फुकट आणि मराठीतून बोलता येतं. तो गच्चीवर जाऊन बोलला, खाली आला तेव्हा जेवण गरम करायला लागलं एवढा वेळ. आता सरकारी ओपीडीला जातो.

फरक काय पडला? टक्के ८५ च्या वर गेले, अंथरुणातली वेळ सव्वाअकरा ते साडेपाच झालीय, झोपेच्या फॉर्मचे मार्क निम्म्याहून खाली आले. ऑफिसात खेकसणं कमी झालं असं टीम लीडरने न विचारता सांगितलं. पीएचक्यूचे मार्क पण उतरले, पण अर्धेच. मॅडम स्पष्ट म्हणाल्या की हे जे उरलंय ते झोपेचं नाही, ते माणूस दमल्याचं आणि पैशाचं आहे, त्याला माझ्याकडे टेक्निक नाही, रात्रीची मावशी आणि महिन्यातला एक मोकळा रविवार हेच औषध. मला हे ऐकून बरं वाटलं. नाहीतर हल्ली सगळेच सांगतात दीर्घ श्वास घ्या, कृतज्ञता लिहा, जणू हप्ता श्वास घेतल्याने भरला जातो.

आता क्लिनिकच्या तक्रारी एका दमात. अपॉइंटमेंट सहाची, आत सातला. फॉर्म आणि कागद सगळे इंग्रजीत, माझं ठीक आहे पण बाजूला बसलेल्या आजी प्रत्येक ओळ नातवाला विचारत होत्या, आणि 'मरून जावंसं वाटतं का' हा प्रश्न नातवाच्या तोंडून विचारला जावा का? रिलॅक्सेशनची ऑडिओ फाइल अमेरिकन बाईच्या आवाजात, मी सांगितल्यावर मॅडमनी स्वतःच्या आवाजात मराठीत रेकॉर्ड करून पाठवली, पंख्याच्या आवाजासकट, ती छान आहे. झूमवरचं ग्रुप सेशन 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणून देतात, घेऊ नका, अर्धा वेळ 'माझा आवाज येतोय का' यात जातो.

फी पहिल्या भेटीची १,५००, पुढच्या १,२००. मेडिक्लेममध्ये हे मिळालं नाही. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचंय, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झालात तरच पैसे देतात, ओपीडीचं कव्हर वेगळं घेतलेलं नसेल तर समुपदेशन आपल्या खिशातून. ऑफिसच्या पॉलिसीत ओपीडी आहे का एचआरला विचारा, पावती मात्र प्रत्येक वेळी मागून घ्या, न मागता देत नाहीत.

ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. हो, तेच, १९०१ पासूनचं, ज्याच्यावरून आपण सगळे लहानपणापासून एकमेकांना 'तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे' म्हणत आलो. मी या कोर्ससाठी संध्याकाळी ठाण्याला उतरायला लागले तेव्हा डब्यात हाच जोक झाला, मी म्हटलं हो गं, तिथेच चाललेय, आणि पुढच्या आठवड्यात त्यातल्याच एकीने हळूच विचारलं फी किती आहे.

कुणी करू नये ते सांगते. ट्रक, बस, रिक्षा चालवणाऱ्यांनी कमी झोपायचा भाग असा फॉर्म्युला बघून स्वतःच्या मनाने अजिबात करू नये, मशीनवर काम करणाऱ्यांनी पण नाही. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर आधी थेरपिस्टला तसं सांगा, त्यांचं गणित वेगळं बसतं. आणि जगणंच नको असं मनात येत असेल तर कोर्सची वाट बघू नका, वरचा नंबर आहे, नाहीतर थेट सायकिऍट्रिस्ट.

घ्यायचा असेल तर पहिल्या भेटीत घराचा नकाशा आणि रात्री कोण कितीदा उठतं ते लिहूनच न्या, मॅडम-सरांनी तो कागद हातात घेऊन प्रश्न विचारले तर पुढच्या भेटीचे पैसे भरा, न बघता झेरॉक्स पुढे सरकवला तर दुसरीकडे जा. शनिवारचे स्लॉट आधीच्या सोमवारी सकाळी दहाला उघडतात आणि सव्वादहाला संपतात, फोन लागत नाही, व्हॉट्सॲप करा.